टवका कुठे उडालाय ते आधी पाहा: हिरा बसवताना पुन्हा पुन्हा होणारं नुकसान

मागच्या लग्नसराईत दोन महिन्यांत माझ्या हातून चार हिरे दुखावले. दागिने वेगळे, सराफ वेगळे, खड्यांची मापंही वेगळी. प्रकार मात्र तोच. हिरा धरून ठेवणारा धातूचा शेवटचा काटा दाबताना बोटाच्या टोकाला बारीक 'टक्' जाणवायचं, पोटात गोळा यायचा, आणि भिंग लावलं की हिऱ्याच्या कडेवर पांढरा टवका दिसायचा. मी सोलापुरात मंगळवार पेठेतल्या सराफांसाठी २२ वर्षं खडे बसवतोय. वर्षाकाठी एखादा हिरा दुखावणं या धंद्यात धरून चालतात. दोन महिन्यांत चार म्हणजे कुठेतरी मुळातच चुकत होतं.

पहिल्यांदा वाटलं, डोळे थकले. चष्म्याचा नंबर तपासून आणला, तो होता तेवढाच होता. मग वाटलं, मालच कच्चा आला असेल. 'खडाच कच्चा होता' हे उत्तर आपल्या तोंडावर फार लवकर येतं, आणि कधी कधी ते खरंही असतं. पण चार ठिकाणांहून आलेले चार हिरे एकाच हंगामात कच्चे कसे निघतील? शेवटी एका रविवारी फोनमध्ये भिंगातून काढलेले फोटो समोर ठेवले आणि चारही हिऱ्यांची कागदावर चित्रं काढली. हिऱ्याचा आकार काढला, काटे कुठे होते ते दाखवलं आणि टवक्याच्या जागी लाल पेनाने खूण केली. चित्रं शेजारी शेजारी मांडल्यावर दिसलं की चारपैकी तीन टवके बरोबर काट्याखाली होते, आणि तेही कडेच्या खालच्या अंगाला. काटा दाबत होता वरून आणि हिरा फुटत होता खालून.

म्हणजे दोष दाबणाऱ्या हातात नव्हता, हिरा ज्यावर टेकला होता त्या बैठकीत होता. चौथ्या हिऱ्याची गोष्ट वेगळी, ती पुढे येईल.

हिरा दुखावला की आपण किती जोर लावला याचा हिशेब करत बसतो. टवका कुठे आहे ते कुणी लिहून ठेवत नाही. कारण बहुतेक वेळा त्या जागेतच सापडतं, म्हणून तिथून सुरुवात करू.

कठीण आणि चिवट

आपल्याकडे जुनी समजूत आहे की खरा हिरा ऐरणीवर ठेवून घण घातला तरी फुटत नाही. ही परीक्षा कुणी करू नये. खरा हिरासुद्धा फुटेल, आणि फुटला म्हणून तो खोटा ठरणार नाही.

मोह्स मापनावर हिरा १० वर आहे, नीलम आणि माणिक ९ वर. पण हे मापन ओरखड्याचं आहे. हिऱ्यावर ओरखडा फक्त हिराच काढू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. दणका सोसण्याची ताकद, म्हणजे चिवटपणा, हा वेगळा गुण आहे, आणि त्यात नीलम हिऱ्याला मागे टाकतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आपल्या कडक भाकरीचं उदाहरण देतो. चुलीवरची ताजी भाकरी घडी घातली तरी वाकते. महिनाभर टिकणारी कडक भाकरी वाकत नाही, एका जागी बोट दाबलं की कटकन तुटते. कडकपणा आहे, चिवटपणा नाही. हिऱ्याचं तसं आहे.

त्यात आणखी एक भर. लाकूड जसं शिरेच्या बाजूने सहज फाटतं, तशा हिऱ्यात चार दिशा असतात, आणि त्या दिशांनी तो स्वच्छ दुभंगतो. हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्यांनी या गुणाचा शेकडो वर्षं उपयोग करून घेतला आहे. १९०५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडलेला ३,१०६ कॅरटचा कलिनन हिरा १९०८ मध्ये ॲमस्टरडॅमला आधी खाच पाडून, मग पोलादी पात्यावर ठोका मारून फोडला गेला. एवढा मोठा हिरा नेमक्या जागी मारलेल्या ठोक्याने दुभंगतो, तर आपल्या ३० सेंटच्या (१०० सेंट म्हणजे एक कॅरट) खड्याची कड नको त्या जागी पडलेल्या दाबाने उडाली यात नवल नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांनाही हेच लागू आहे. ते स्वस्त असतात म्हणून हात सैल सोडणारे कारागीर मी पाहिलेत. त्या हिऱ्याची घडण तीच आहे, तोही तसाच फुटतो.

टवका काट्याखाली असेल तर

आता माझ्या त्या तीन हिऱ्यांकडे येतो, कारण सगळ्यात जास्त वेळा होणारं नुकसान हेच.

चार काट्यांच्या अंगठीत प्रत्येक काट्याला आतून खाच पाडतात आणि हिऱ्याची कड, म्हणजे गर्डल, त्या खाचेत जाते. खालचं पोट खाचेच्या उतारावर पसरून टेकलं पाहिजे. ते पसरून टेकलं की वरून आलेला दाब वाटला जातो. खाचेच्या उतारावर वाळूच्या कणाएवढा उंचवटा राहिला असेल तर मात्र सगळा दाब त्या एका टिंबावर येतो, आणि टवका तिथूनच सुटतो.

माझ्याकडे तो उंचवटा कुठून आला? बरमधून. बर म्हणजे मशीनवर फिरणारं बारीक कापायचं टोक, आणि खाच पाडायचा माझा बर बोथट झाला होता. बोथट बर धातू कापत नाही, घासतो आणि दाबतो. त्यामुळे खाचेत गुळगुळीत उताराऐवजी लाटा उठतात आणि तोंडाशी धातूची बारीक कीस वळून बसते. नुसत्या डोळ्याला खाच झकास दिसते, चकचकीतसुद्धा दिसते. दहापट भिंगाखाली, तेही उजेड बाजूने टाकला, तरच त्या लाटा दिसतात. मी उजेड वरून टाकत होतो, म्हणून मला त्या इतके दिवस दिसल्या नाहीत.

बोथट झालेला बर ओळखायची सोपी खूण अशी की खाचेतून निघणारा धातू सुटसुटीत कणांत पडायचा थांबतो, काटा गरम लागायला लागतो आणि हात नकळत जास्त जोर देतो. बरला अधूनमधून मेण किंवा तेल लावत राहिलं तर तो जास्त दिवस धार धरतो. २० सेंटच्या वरच्या हिऱ्यांसाठी मी आता वेगळे बर ठेवतो. धार कमी वाटली की ते चांदीच्या आणि अमेरिकन डायमंडच्या कामाकडे जातात, परत हिऱ्याकडे येत नाहीत.

दुसरं कारण खाचांच्या उंचीतला फरक. खाटेचा एक पाय आखूड असला की खाट डुगडुगते, तसा हिरा तीन खाचांवर बसतो आणि चौथ्या ठिकाणी अधांतरी राहतो. तो चौथा काटा दाबला की समोरच्या बाजूला हिरा उचलला जातो आणि बाजूच्या खाचांच्या धारेवर पिळला जातो. हे तपासणं सोपं आहे. काटे वळवण्याआधी हिरा नुसता ठेवा आणि पितळी चिमट्याच्या टोकाने चारही दिशांना आळीपाळीने हलकेच टेकवा. जराही डुलला तर तिथेच थांबा. 'काटा दाबल्यावर बसेल' असं म्हणून पुढे गेलेली कामंच नंतर अंगाशी येतात.

तिसरी गोष्ट मापाची. बर हिऱ्याच्या व्यासाएवढा किंवा किंचित कमी घ्यावा. अर्ध्या कॅरटचा गोल हिरा साधारण ५ मिलिमीटरचा, १० सेंटचा साधारण ३ मिलिमीटरचा. पण 'साधारण'वर भागवू नका, प्रत्येक खडा कॅलिपरने मोजा. एकाच पुडीतले दोन १० सेंटचे खडे सारख्या मापाचे नसतात. खाचेची खोली काट्याच्या जाडीच्या एक तृतीयांश पुरते. निम्म्याच्या पुढे गेलात तर काटा तिथे कमजोर होतो, आणि दोन वर्षांनी ग्राहकाचा हिरा रस्त्यात पडतो. गर्डल जाड असेल तर खाचेचं तोंडही तेवढं रुंद हवं. अरुंद खाचेत कोंबलेला जाड गर्डल वर-खाली दोन्हीकडून चिमटला जातो.

बैठक पक्की झाली की नाही हे पाहायची एक युक्ती. खाचांच्या आतून बारीक टोकाच्या मार्करने काळा रंग लावा. हिरा ठेवा, अगदी हलक्या हाताने थोडा फिरवा आणि उचला. जिथे हिरा टेकला तिथला रंग निघालेला दिसेल. रुंद पट्टा निघाला असेल तर बैठक चांगली. एकच टिंब निघालं असेल तर तुमचा पुढचा टवका कुठे उडणार आहे ते तुम्हाला आधीच दिसतंय. रंग स्पिरिटने पुसला जातो. या सगळ्याला एका अंगठीमागे पाच मिनिटं लागतात.

आता धातूबद्दल. माझे तिन्ही हिरे १८ कॅरटच्या पांढऱ्या सोन्यात बसवताना गेले, आणि हा योगायोग नव्हता. आपल्याकडचे जुने हात २२ कॅरटवर घडलेले. ते सोनं मऊ, दाबलं तिथे राहतं. हिऱ्यांचे दागिने आता १८ किंवा १४ कॅरटचे येतात, म्हणजे सोनं ७५ किंवा ५८.५ टक्के आणि बाकी इतर धातू. निकेल घातलेलं पांढरं सोनं तर स्प्रिंगसारखं उसळतं. काटा दाबला की थोडा परत येतो, म्हणून आपण पुन्हा दाबतो, आणखी जोर लावतो. बैठक चांगली असेल तर हा जोर हिरा सोसतो. बैठकीत दोष असेल तर २२ कॅरटमध्ये लपलेला तो दोष पांढऱ्या सोन्यात उघडा पडतो. शिवाय ओतकामातून आलेले काटे कधी कधी फार जाड असतात. हिरा ठेवण्याआधी ते कानसून योग्य जाडीवर आणावेत आणि कडक वाटले तर आगीवर नरम करून घ्यावेत. हिरा बसल्यावर हे करायला उशीर झालेला असतो.

आणि दाबण्याचा क्रम. एक काटा पूर्ण मिटवून दुसऱ्याकडे जायचं नाही. समोरासमोरचे दोन काटे थोडे थोडे, मग उरलेले दोन, आणि हे तीन-चार फेऱ्यांत. आधी काटा आत हिऱ्याकडे आणायचा, मग त्याचं टोक वरच्या उतारावर बसवायचं. सुरुवातीलाच वरून खाली दाबलं तर सगळा भार गर्डलच्या धारेवर जातो.

कोपऱ्याचा टवका

चौथा हिरा चौकोनी होता, प्रिन्सेस घाटाचा. त्याचा एक कोपरा गेला. चौकोनी हिऱ्याचे कोपरे, बदामी आणि मार्कीज (लांबट, दोन्हीकडे निमुळत्या) हिऱ्यांची टोकं या सगळ्यात नाजूक जागा. तिथे दगड सगळ्यात पातळ असतो आणि सगळेच काटे तिथे येतात, कारण त्या टोकांना आडोसा द्यायचा असतो.

उपाय असा की कोपऱ्याला आडोसा द्यायचा, पण कोपऱ्यावर भार द्यायचा नाही. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या काट्याच्या आत, नेमक्या कोनात, बारीक गोल बरने एक छोटं भोक पाडून घ्या. हिऱ्याचं टोक त्या पोकळीत मोकळं राहिलं पाहिजे, धातूला न टेकता. भार दोन्ही बाजूंच्या सरळ कडांनी घ्यायचा. मला हे माहीत नव्हतं असं नाही. त्या दिवशी दुपारचे तीन वाजले होते, काम संध्याकाळी द्यायचं होतं, आणि मी चारपैकी तीन कोपऱ्यांत भोक पाडून चौथं विसरलो. तेव्हापासून चौकोनी हिऱ्याच्या कामात मी चारही भोकं पाडून झाल्यावर उठून पाणी पितो आणि परत येऊन मोजतो. घाईच्या दिवसांत असा ठरवून घेतलेला थांबा लागतो.

इतर खुणा

वरच्या सपाट भागाच्या, म्हणजे टेबलच्या कडेला टवका असेल तर दाबणी (काटा दाबायचं हत्यार) घसरली आहे किंवा कानस आपटली आहे. दाबणीचं टोक गुळगुळीत झालं असेल तर ते खरखरीत करून घ्या आणि अंगठ्याचा टेकू सोडू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे जातो, बारीक खडे उडतील म्हणून पंखाही बंद ठेवावा लागतो, बोटांना घाम सुटतो. त्या दिवसांत दर काही मिनिटांनी हात आणि हत्याराची मूठ पुसणं हा कामाचाच भाग समजा. काटे घासताना पोलादी कानशीने हिऱ्यावर ओरखडा येत नाही, पण कानशीचा दात कडेत अडकला तर कड नक्की उडते. हिऱ्याची भुकटी लावलेले बर आणि कानशी तर बसवलेल्या हिऱ्याजवळ आणूच नका.

खालच्या टोकाला मार असेल तर खोबण उथळ आहे, टोक तळाला लागलंय.

ओळीने बसवलेल्या खड्यांमध्ये दोन हिऱ्यांच्या मध्ये टवके असतील तर ते एकमेकांना टेकले आहेत. हिरा हिऱ्याला कापतो. बसवताना केसाएवढी फट ठेवा. असे टेकलेले खडे अल्ट्रासोनिक मशीनमध्ये टाकले तर थरथरून एकमेकांच्या कडा खातात, आणि मग नुकसान बसवण्यात झालं की धुण्यात, हे कुणालाच कळत नाही. सुटे हिरेही एका पुडीत भरून खिशात घालून फिरू नयेत.

हिरा दुधाळ झाला तर

हे टवक्यापेक्षा वेगळं, पण दुरुस्तीच्या कामात नेहमी घडणारं. झिजलेल्या काट्याला टोक लावायचं असतं आणि हिरा काढायचा कंटाळा येतो. हिरा जागेवर ठेवून झाळ लावली जाते, आणि नंतर दिसतं की हिऱ्यावर पांढुरकी साय आली आहे.

हिरा म्हणजे कार्बन. हवेत साधारण ७०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचा पृष्ठभाग जळायला लागतो, आणि सोन्याच्या झाळीचं तापमानही त्याच पट्ट्यात येतं. हवेतला ऑक्सिजन हिऱ्यापर्यंत पोहोचू द्यायचा नाही, एवढाच बचाव. त्यासाठी बोरिक ॲसिड स्पिरिटमध्ये कालवून दागिना त्यात बुडवतात आणि स्पिरिट पेटवून जाळून टाकतात. मागे पांढरा थर राहतो, तो हिऱ्याचं कवच. स्पिरिटची बाटली आधी झाकण लावून लांब ठेवा, मगच काडी ओढा. आणि त्याआधी दागिना स्वच्छ धुतलेला हवा. हिऱ्यावरचा बोटाचा तेलकट ठसा किंवा साबणाचा मळ आगीत करपतो आणि तिथे कवच नीट धरत नाही.

यात जास्त हिरे जातात ते झाळ लावताना नव्हे, झाळ लावून झाल्यावर. गरम दागिना सवयीने आम्लाच्या किंवा पाण्याच्या भांड्यात टाकला जातो. साध्या दागिन्याला ते चालतं. हिरा असेल तर तो एकदम गार होताना आतली बारीक चीर आरपार जाऊ शकते. दागिना फरशीवर आपोआप गार होऊ द्या. शेजारी पाचू किंवा ओपल असेल तर आगीचा विचारच सोडा. खडे काढा, किंवा लेझर मशीन असलेल्या कारागिराकडे काम द्या.

दुधाळ झालेला हिरा बहुतेक वेळा पुन्हा घासून मूळ चकाकीवर आणता येतो, थोडं वजन जातं. चिरीत काच भरलेल्या हिऱ्याचं तसं नाही. अशा हिऱ्याच्या चिरीत पारदर्शक काचेसारखा पदार्थ भरून त्या लपवलेल्या असतात, आणि आगीने तो पदार्थ खराब होतो. भिंगाखाली हिरा हळूहळू तिरका फिरवला की चिरीच्या जागी जांभळी, नारिंगी किंवा निळी-हिरवी चमक उमटून जाते. ती दिसली तर आग लावू नका, आणि ज्याने काम दिलं त्याला फोन करा. कित्येकदा त्यालाही ते ठाऊक नसतं.

खडा हाती घेण्याआधी

यातून मी पोळलोय, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे तेलुगू आणि कानडी घरांत सात खड्यांच्या कुड्या पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. काही वर्षांपूर्वी अशाच जुन्या कुड्या मोडून त्यांतल्या हिऱ्यांची अंगठी करायचं काम एका सराफांकडून माझ्याकडे आलं. कुड्या बंद बैठकीच्या, धातू खड्यांच्या कडेवर चढवलेला. धातू कापून हिरे बाहेर काढले तेव्हा चौदापैकी दोन खड्यांच्या कडा उडालेल्या निघाल्या. त्या टवक्यांत जुना काळा मळ बसलेला होता, म्हणजे नुकसान माझ्या आधीचं होतं. पण मी काम सुरू करण्याआधी ना फोटो काढला होता, ना हे बोलून ठेवलं होतं. त्या घरातल्या सूनबाई म्हणाल्या, 'सासूबाईंनी पन्नास वर्षं कानात घातल्या, काही झालं नाही, तुमच्याकडे आल्यावरच कसं झालं?' त्यांचं दुःख खरं होतं. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. दोन्ही हिऱ्यांचे पैसे मी भरले.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. खडा सुटा असो वा दागिन्यात बसवलेला, आणणाऱ्याच्या समोर दहापट भिंगाखाली पाहायचा. भिंगाला फोन लावून फोटो काढायचा आणि तो त्यांनाही पाठवायचा. वहीत माप, वजन, गर्डल पातळ आहे का, चीर कुठे, जुना टवका कुठे, एवढं लिहून सही घ्यायची. प्रमाणपत्र असेल तर त्यावरचा दोषांचा नकाशा पाहायचा, आणि गर्डलपुढे 'अत्यंत पातळ' अशी नोंद असेल तर ती मोठ्याने वाचून दाखवायची. जुन्या दागिन्यातून हिरे काढायचे असतील तर आधीच स्पष्ट सांगायचं की धातूखाली काय आहे ते काढल्यावरच दिसेल. हिरा काढताना काटा मागे वाकवायला हिऱ्याचाच टेकू घेऊ नये, काटा कापावा. जुनं सोनं वितळवायचंच असतं, ते वाचवून काय करायचं?

सराफांसाठी एक विनंती. हिऱ्यातला दोष काट्याखाली लपवा, असं तुम्ही आम्हाला सांगता. आतला काळा ठिपका असेल तर जरूर लपवतो, त्याने हिऱ्याचं रूप खुलतं आणि धोका नसतो. पण कडेपर्यंत आलेली चीर लपवायला सांगू नका. काट्याखालीच सगळा दाब येतो. तिथे चीर ठेवणं म्हणजे फाटलेल्या शिवणीवरच ओझं टांगणं. अशी चीर दोन काट्यांच्या मध्ये ठेवावी, किंवा सगळीकडून धातूचा पट्टा येणारी बंद बैठक निवडावी, आणि तिथेही त्या जागेवर हातोडी सगळ्यात हलकी चालवावी. ग्राहकाला ती चीर दिसेल ही भीती मला समजते. दाखवून विकलेली चीर परत येत नाही, लपवताना फुटलेली येते.

आणि मजुरी. आम्हाला पैसे खड्यामागे मिळतात, हिऱ्याची किंमत त्याच्या कित्येक पट असते. सगळी जोखीम कारागिरावर टाकली की तो नुकसान लपवायला शिकतो. काम देतानाच ठरवून घ्या: माझ्या हातची चूक असेल तर काय, आणि नोंदवलेल्या चिरीतून फुटलं तर काय. मंगळवार पेठेतले माझे तीन सराफ आता हे वहीत लिहून देतात. तेव्हापासून आमच्यात एकदाही वाद झालेला नाही.

टवका उडालाच तर

थांबा. पुढचा काटा दाबून तो झाकू नका. झाकलेल्या टवक्यातून चीर पुढे सरकू शकते, आणि काटा झिजल्यावर तो उघडा पडणारच. फोटो काढा आणि त्याच दिवशी सांगा. बारीक टवका असेल तर हिरा काढून, खाच दुरुस्त करून आणि हिरा थोडा फिरवून टवका मोकळ्या जागी आणता येतो, पण तो सराफांच्या आणि ग्राहकांच्या संमतीनेच. मोठा असेल तर हिरा सुरतेला किंवा मुंबईला पाठवून कड घासून घेतात. किती वजन जाईल ते आधी विचारा. ५१ सेंटचा हिरा घासून ४८ वर आला तर तीन सेंटच कमी होत नाहीत, अर्ध्या कॅरटचा टप्पा ओलांडून तो खाली येतो आणि प्रति कॅरट भावही उतरतो. ग्राहकाला हे घासण्याआधी कळलं पाहिजे. काही जण तो बारीक टवका तसाच ठेवणं पसंत करतात, तो त्यांचा हक्क आहे.

घासून आलेला हिरा जुन्या खाचेत तसाच बसवू नका. त्याचा व्यास कमी झालेला असतो, गर्डलची जाडी बदललेली असते, आणि जुन्या बैठकीवर तो आता कडेनेच टेकणार. काटे शाबूत असतील तर धातू भरून खाच नव्याने पाडा, नसतील तर अंगठीचा वरचा भागच बदला. मग नव्या बरने खाच, बाजूने उजेड, मार्करचा रंग, चिमट्याचा टेकवा, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. माझ्या त्या चारपैकी दोन हिरे असेच घासून परत आले. दोन्ही पुन्हा मीच बसवले, आणि दोन्ही अंगठ्या दिवाळीआधी घरी गेल्या.